सकाळच्या वीस मिनिटांसाठी: डाळी, अंडी आणि रविवारचा सव्वा तास

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलांची बस ६.४० ला येते, आमची दोघांची लोकल ७.१२ ची. घरात आम्ही दोघं, १४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई अंडी खात नाहीत, बाकीचे खातात. न्याहारीला पोहे, उपमा, नाहीतर चहा-बिस्किटं. सासूबाईंच्या आहारात प्रथिनं वाढवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. रविवारी काही करून ठेवता येईल का, की सरळ पावडर आणावी?

उत्तर: पावडर आत्ता नको. त्याबद्दल शेवटी बोलू. आधी माझ्याच घरची एक फजिती सांगते, कारण ‘रविवारी करून ठेवणं’ म्हटलं की बहुतेक जणी तीच चूक करतात.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते त्याला बावीस वर्षं झाली. माझी मुलं शाळेत होती तेव्हा एका रविवारी मी चक्क चाळीस पराठे लाटून, भाजून, थंड करून फ्रीजमध्ये रचले. सोमवारी कौतुक झालं. मंगळवारी सगळ्यांनी निमूट खाल्ले. बुधवारी ‘परत पराठाच?’ आणि शुक्रवारी कडा इतक्या चिवट झाल्या होत्या की उरलेले अकरा पराठे कामाला येणाऱ्या मावशींनीही नको म्हटले. माझा अख्खा रविवार त्यात गेला तो वेगळाच.

तेव्हापासून मी तयार पदार्थ साठवत नाही, त्याचा अर्धा टप्पा साठवते. निवडणं, भिजवणं, वाटणं, भाजणं, मोड आणणं, वाफवणं ही वेळ खाणारी कामं आधी उरकायची. फोडणी, परतणं, एक वाफ काढणं एवढंच सकाळसाठी ठेवायचं. पदार्थ ताजा लागतो आणि चव रोज बदलता येते. यात नवं काही नाही. भाजणी, सातू, डांगराचं पीठ हे सगळे टप्पेच आहेत. आपल्या आज्यांनी ते उन्हाळ्यात करून डब्यात भरून ठेवले होते आणि आपण ते विसरून ओट्सच्या मागे लागलो.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. तुमच्या १४ वर्षांच्या मुलाला ४५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तुमच्याइतकी. मुलीला अवघी २३. हे ऐकून आया नेहमी चकित होतात, कारण घरात सगळी धडपड धाकटीला दूध प्यायला लावण्यासाठी चाललेली असते आणि पंधरवड्यागणिक उंच होणारा मुलगा दोन बिस्किटं तोंडात कोंबून बस पकडतो. सासूबाईंचं निराळं, त्यांच्याकडे नंतर येते.

दिवसाच्या प्रथिनांचा पाव ते तिसरा हिस्सा न्याहारीत यावा असं धरलं, तर तुम्हा पाच जणांची मिळून सकाळी ६० ग्रॅमच्या आसपास गरज निघते. सध्या काय मिळतं? माणशी ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साडेचार ग्रॅम, वर मूठभर नव्हे तर फोडणीत पडतात तेवढेच शेंगदाणे, म्हणजे आणखी दोन-अडीच. एकूण सात. उपम्याच्या बशीत साडेपाच-सहा. चार ग्लुकोज बिस्किटांत जेमतेम दीड. (साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं असतात ती सगळी दाण्याच्या कुटाची, साबुदाण्यात जवळपास शून्य. उपास करणाऱ्यांनी कूट सढळ हातानं घालायला हे कारण पुरेसं आहे.) पोहे वाईट नाहीत. एकटे पोहे अपुरे आहेत, इतकंच.

रोज सकाळी ग्रॅम मोजत बसायला कुणाला वेळ आहे? म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक सोपं माप देते. माणशी एक मूठ कोरडी डाळ किंवा कडधान्य, नाहीतर दोन अंडी, आणि सोबत वाटीभर दही किंवा कपभर दूध. माझ्या मुठीत साधारण ४० ग्रॅम डाळ येते. तूर, मूग, हरभरा, उडीद, मसूर, कुठलीही घ्या, शंभर ग्रॅममागे २१ ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे मुठीमागे नऊ. दोन अंड्यांत बारा-तेरा. दह्यादुधाची पाच-सहा. बेरीज चौदा ते अठरा. मुलीला अर्धी मूठ पुष्कळ. पाच जणांच्या घरात सकाळी १८० ग्रॅमच्या जरा आतबाहेर डाळ पोटात गेली की काम झालं. पाच बदामांचं कौतुक मी ऐकते तेव्हा गप्प बसते, पण त्यात एक-सव्वा ग्रॅमच असतं.

पण डाळीचा कुठला पदार्थ करायचा हे ठरवताना घड्याळ बघायला हवं. नव्याण्णव टक्के ठिकाणी ‘मुगाची धिरडी करा’ असा सल्ला मिळतो. मुगाचं धिरडं मलाही आवडतं. पण हिशोब करा: माणशी दोन म्हणजे दहा धिरडी, एकेक होतं अडीच-तीन मिनिटांत, म्हणजे एका तव्यावर सकाळी अर्धा तास तुम्ही उभ्या. शेवटचं धिरडं तुमच्या वाट्याचं, आणि ते तुम्ही न खाताच निघणार. थालीपिठाचं याहून अवघड, एकाला पाच मिनिटं. तव्याचे पदार्थ एकेक होतात, वाफेचे एकदम होतात. इडलीपात्रात बारा मिनिटं वाफ चाललेली असताना वेणी घालून होते, डबे भरून होतात. म्हणून सोमवार ते शुक्रवार वाफेचं आणि पातेल्यातलं, तवा शनिवार-रविवारी. माझ्या मते हे एवढं पाळलं तरी निम्मी अडचण सुटते.

तुमच्यासारख्या घराला मी पहिला पदार्थ सुचवते तो फुणके. खानदेशातल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: भिजवलेली डाळ भरड वाटून तिचे वाफवलेले मुटके. पाव किलो हरभरा डाळ, अर्धपाव तूर आणि अर्धपाव मुगाची डाळ शनिवारी रात्री भिजत घाला. सकाळी चाळणीवर अर्धा तास निथळू द्या. हे निथळणं टाळू नका, ओली डाळ वाटली की मिश्रण सैल होतं, मग बायका बेसन घालत बसतात आणि फुणके दगडासारखे होतात. मिरची, लसूण, आलं, जिरं घालून पाणी न घालता जाडंभरडं वाटा. चार चमचे डाळ तशीच अख्खी मागे ठेवून नंतर मिसळली की खाताना छान लागते. चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर, हळद, मीठ, चमचाभर तेल. कांदा सकाळी फोडणीत घाला, मिश्रणात नको, त्याला पाणी सुटतं आणि टिकाऊपणा जातो. लिंबाएवढे लांबट मुटके वळून चाळणीत पंधरा-वीस मिनिटं वाफवा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले.

अर्धा किलो डाळीचे साधारण छत्तीस फुणके होतात आणि प्रत्येकात तीन ग्रॅम प्रथिनं येतात. चार खाल्ले की बारा. पूर्ण गार करून डब्यात भरले की फ्रीजमध्ये तीन दिवस उत्तम राहतात. सोमवारी सकाळी वाफ देऊन वर कच्चं तेल किंवा तूप घालून खा, खानदेशात सोबत कढी असते. मंगळवारी तेच हातानं कुस्करून कांदा, मोहरी, कढीपत्त्याच्या फोडणीत परता, वर लिंबू पिळा: वाटल्या डाळीसारखं लागतं आणि मुलांना तो कालचाच पदार्थ आहे हे कळतही नाही. कोरडे असल्यामुळे डब्यात घालून गाडीतही खाता येतात. तुम्हाला घरी बसून खायला मिळणार नाही हे मी गृहीत धरलंय. तेव्हा मुलांच्या डब्याआधी स्वतःचा डबा भरा.

दुसरा पदार्थ कोथिंबीर वडी. आपण ती पाहुण्यांसाठी राखून ठेवतो आणि तेलात तळतो, म्हणून ती न्याहारीत येत नाही. पाव किलो बेसन, एक मोठी जुडी कोथिंबीर धुऊन नीट कोरडी करून चिरलेली, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, ओवा, तिखट, हळद, मीठ. कोथिंबिरीच्या ओलाव्यातच पीठ बहुतेक मळलं जातं, पाणी लागलं तर शिंपडण्यापुरतं. उंडे वळून वीस मिनिटं वाफवायचे. हे उंडे अख्खेच ठेवा. कापलेल्या वड्यांच्या कडा फ्रीजमध्ये सुकतात आणि तव्यावर तुकडे पडतात. सकाळी कापून चमचाभर तेलावर पसरट तव्यात एका वेळी पंधरा-वीस वड्या बसतात, म्हणजे इथे तवा चालतो. सोबत दही. कोथिंबीर महाग झाली की कोबी, पालक, दुधी काहीही चालतं.

आता वाटलेल्या मुगाकडे येऊ. सालीची मूग डाळ किंवा अख्खे मूग भिजवून, मूठभर तांदळासह घट्ट वाटून ठेवायचे. मीठ आणि आलं-मिरची त्या त्या दिवसापुरतीच घाला, सगळ्या पिठात मिसळू नका. हेच पीठ आठवड्याच्या मध्यात इडलीपात्रात घालता येतं. चिमूटभर फ्रूट सॉल्ट आयत्या वेळी घातलं की मुगाच्या इडल्या हलक्या होतात. शनिवारी उरलेल्या पिठाची धिरडी करा आणि आत किसलेलं पनीर भरा, तेव्हा निवांतपणा असतो. फक्त मुगाचं पीठ तांदूळ-उडदाच्या पिठापेक्षा लवकर आंबतं, विशेषतः मे महिन्यात. माझ्या फ्रीजच्या दारात ते एकदा डब्याबाहेर आलं होतं. तीन दिवसांवर ठेवू नका, म्हणजे शनिवारच्या धिरड्यांसाठी बुधवारी रात्री पुन्हा थोडं वाटायला हवं.

आणि हाच खरा मुद्दा आहे. रविवारची तयारी शनिवारपर्यंत चालत नाही. घरातला फ्रीज दिवसातून चाळीस वेळा उघडला जातो, तापमान चार-पाच अंशांवर राहतच नाही. म्हणून रविवारचं बुधवारपर्यंत, आणि बुधवारी संध्याकाळी वीस मिनिटांची दुसरी फेरी. बाकी जे आठवडाभर लागणार आहे ते एकतर कोरडं असावं, नाहीतर बर्फाच्या कप्प्यात.

बर्फाच्या कप्प्यात जातात ती मोडाची कडधान्यं. मटकी, मूग, चवळी आठ-दहा तास भिजवून पंचात बांधून ठेवली की उन्हाळ्यात रात्रीतून आणि थंडीत दीड दिवसात मोड येतात. ते पाच मिनिटं वाफवून, गार करून, एका वेळच्या पाच-पाच वाट्यांच्या पिशव्या करून गोठवा. महिनाभर बिनघोर. सकाळी कांद्याच्या फोडणीत पिशवी थेट रिकामी करायची, गोडा मसाला, गूळ, मीठ, दहा मिनिटांत उसळ. पावाबरोबर, भाकरीबरोबर, किंवा त्याच पोह्यांवर घालून. पोहे सोडायचे नाहीत असा घरचा हट्ट असेल तर अर्धे पोहे आणि अर्धी उसळ हा तोडगा मला फार आवडतो. गोव्यात सकाळी पावाबरोबर वाटाण्याची पातळ भाजी खातात, तीही याच घराण्यातली.

मोडांबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मोड आले की प्रथिनं वाढतात असं सर्रास सांगितलं जातं. वाढत नाहीत. दाणा पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे शंभर ग्रॅम मोडांत उलट सात-आठ ग्रॅमच भरतात, कोरड्या मटकीच्या शंभर ग्रॅममध्ये वीस असतात. वाटीभर कच्चे मोड खाऊन ‘प्रथिनांचा कोटा झाला’ म्हणणाऱ्यांचा हिशोब इथे चुकतो. मोड आणण्याचे फायदे वेगळे आहेत: क जीवनसत्त्व तयार होतं, लोह आणि जस्त अडवणारे घटक कमी होतात, पचायला हलकं होतं. म्हणून मोड जरूर आणा, पण मोजताना कोरड्या मुठीनंच मोजा. आणि सासूबाईंना, मुलीला कच्चे मोड देऊ नका. ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. वाफवूनच द्या.

अंड्यांचं सोपं आहे म्हणून थोडक्यात. रविवारी आठ अंडी उकडा, पाणी उकळल्यापासून नऊ-दहा मिनिटं, आणि लगेच गार पाण्यात टाका. जास्त उकडली की बलकाभोवती हिरवट कडं येतं. ते विषारी नसतं, पण मुलं नाक मुरडतात. सालासकट फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकतात, मी चार दिवसांत संपवते. सोललेली मात्र त्याच दिवशी खा. भुर्जीसाठी कांदा-टोमॅटोचा मसाला तेल सुटेपर्यंत परतून ठेवला की सकाळी अंडी फोडून चार मिनिटांत भुर्जी तयार. हाच मसाला अंडी बाजूला ठेवून पनीर घालून सासूबाईंना. तुमच्याकडे अंड्याचं भांडं वेगळं असेल, सोमवार-गुरुवार-चतुर्थी पाळत असाल, तर त्याप्रमाणे अंड्यांचे वार आधीच ठरवून टाका, म्हणजे सकाळी वाद नकोत. बलक काढून टाकू नका. जवळपास निम्मी प्रथिनं आणि अंड्यातलं बाकीचं बरंच चांगलं त्या बलकात असतं.

भाजणीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती नीट जमली तर दीड-दोन महिन्यांची निश्चिंती होते. विकतच्या भाजणीत धान्य जास्त आणि डाळी नावाला असतात, कारण डाळ महाग. घरी करताना प्रमाण आपल्या हातात राहतं. माझं प्रमाण असं: अर्धा किलो ज्वारी, पाव किलो बाजरी, पाव किलो हरभरा डाळ, पाव किलो सालीचे मूग, अर्धपाव उडीद डाळ, अर्धपाव गहू, मूठभर धने आणि दोन चमचे जिरं. दीड किलोच्या या पिठात शंभर ग्रॅममागे पंधरा ग्रॅम प्रथिनं येतात, नुसत्या ज्वारीच्या पिठात दहा. पुष्कळ जणी सोयाबीन घालू का विचारतात. मी हिशोब करून बघितला: अर्धपाव सोयाबीननं पंधराचे सतरा होतात, पण त्याचा उग्र वास येतो आणि थालीपीठ कडक होतं. मला तो सौदा पटत नाही. तुम्हाला घालायचंच असेल तर खमंग, आतपर्यंत भाजून घाला. कच्चं सोयाबीन पचत नाही.

प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, हे आळसापोटी बदलू नका. ज्वारी तडतडायला लागते तेव्हा उडीद डाळ करपून गेलेली असते. मंद आचेवर डाळीला गुलाबी रंग आणि घरभर वास आला की उतरवा. सगळं पूर्ण गार झाल्यावर गिरणीत द्या आणि किंचित जाडसर दळायला सांगा. घरी आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात भरू नका, परातीत पसरून गार होऊ द्या. अडकलेल्या वाफेनं गुठळ्या होतात आणि आठव्या दिवशी कुबट वास येतो. पावसाळ्यात डबा फ्रीजमध्ये.

साठ ग्रॅम भाजणीचं एक थालीपीठ म्हणजे नऊ ग्रॅम, वर वाटीभर दही. यात धान्य आणि डाळ एकत्र आल्याचा आणखी एक लाभ आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत मिथिओनिन. एकमेकांची उणीव एकमेकांनी भरून निघते. वरण-भात, खिचडी, इडली, सगळीकडे हेच चाललेलं असतं. एकाच घासात असायला हवं असंही नाही, दिवसभरात मिळालं तरी चालतं. थालीपीठ आठवड्याच्या मधल्या दिवशी नको हे वर सांगितलंच. त्याऐवजी मोकळी भाजणी करा: फोडणीत कांदा परतून, ताकात कालवलेली भाजणी घालून झाकणाखाली दोन वाफा. पातेल्यातलं काम, पंधरा मिनिटं.

मुलांना गोड लागतं त्यासाठी सातू. आपल्याकडचं सातूचं पीठ म्हणजे भाजलेले गहू आणि डाळ. मी गव्हाइतकंच फुटाण्याचं डाळं घेते, वेलदोडा घालते. दोन मोठे चमचे पीठ, कपभर दूध, गूळ. बस दारात उभी असली तरी पिऊन होतं आणि दुधासकट बारा-तेरा ग्रॅम मिळतात. माल्टच्या विकतच्या पेयांत मिळतात त्यापेक्षा जास्त आणि साखर तुमच्या हातात.

आता सासूबाई. साठीनंतर शरीराला तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू राखणं कठीण जातं, म्हणून या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं अनेक तज्ज्ञगट सांगतात. आणि ती एकदम रात्री नव्हे, तिन्ही वेळच्या खाण्यात विभागून. आपल्याकडच्या ज्येष्ठ बायकांची सकाळ चहा-खारीवर आणि रात्र दूध-भातावर जाते, मध्ये एक वरणाची वाटी. मग जिना चढताना गुडघ्यांना बोल लागतो, पण मांडीचे स्नायू गेलेले असतात हे कुणी बघत नाही. त्यांना भूकच कमी असते, तेव्हा प्रमाण वाढवू नका, घट्ट करा. रात्री अर्धा लिटर दही फडक्यात टांगून ठेवलं की सकाळी चक्का मिळतो आणि चमच्यागणिक प्रथिनं दह्याच्या दुपटीच्या आसपास. मीठ-जिरं, दाण्याचं कूट घालून फुणक्याबरोबर द्या. दात नसतील तर फुणके कढीत भिजवून, मुगाची इडली दुधात नाही तर वरणात कुस्करून. मेतकूट-भात द्यायला हरकत नाही, पण चमचाभर मेतकुटात प्रथिनं नगण्य असतात, त्यावर भिस्त ठेवू नका. एक गोष्ट मात्र माझं सगळं बोलणं बाजूला ठेवून करायची: त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, डॉक्टरांना दाखवून घ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर गणित उलटं होतं.

डाळी वाढवल्यावर पहिला आठवडा पोट फुगतं, गॅस होतो. तो डाळीचा दोष नाही, सवयीचा आहे. हळूहळू वाढवा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, फोडणीत हिंग आणि ओवा. आणि चहा न्याहारीबरोबर न घेता तासाभरानं. प्रथिनांना चहाचा फारसा त्रास नाही, पण डाळीतलं लोह तो अडवतो, आणि तुमच्या घरातल्या तिन्ही बायकांना लोहाची गरज आहे. लिंबू पिळलं की ते लोह जास्त लागू पडतं.

स्वच्छतेचं एक सांगून टाकते, कारण यावरून एकदा एक अख्खं कुटुंब आजारी पडून माझ्याकडे आलेलं आहे. रात्री केलेली उसळ ‘गार होऊ दे’ म्हणून ओट्यावर राहिली आणि सकाळी गरम करून खाल्ली. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर नाहीच. मोठ्या पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट ताटात काढून पंख्याखाली अर्ध्या तासात गार करा आणि आत ठेवा. सकाळी नुसतं कोमट न करता वाफ येईपर्यंत तापवा. शेंगदाणे नीट निवडा, काळपट आणि कडू दाणा टाकून द्या, त्यातल्या बुरशीचं विष भाजून जात नाही.

पावडरीबद्दल. आजारपणातून उठलेल्या, गिळायला त्रास असलेल्या माणसाला मी ती देते. तुमच्या घरात दात, भूक आणि स्वयंपाकघर तिन्ही शाबूत आहेत. दोन महिने हे करून बघा, सासूबाईंचं वजन आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते लिहून ठेवा. फरक नसेल तर पावडरीचा विचार डॉक्टरांबरोबर करू.

सव्वा तासाचा हिशोब असा. शनिवारी रात्री डाळी आणि मटकी भिजत घालणं, पाच मिनिटं, हे मुलाचं काम. रविवारी स्वयंपाक चालू असतानाच शेजारच्या शेगडीवर आधी फुणके, मग त्याच पाण्यावर वडीचे उंडे. वाटणं नवऱ्याकडे द्या, मिक्सरला पदवी लागत नाही. अंडी, भुर्जीचा मसाला सगळ्यात शेवटी. हे सगळं पहिल्याच रविवारी करायला जाऊ नका, माझ्या चाळीस पराठ्यांसारखं होईल. या रविवारी फक्त फुणके आणि उकडलेली अंडी. पुढच्या आठवड्यात उसळीच्या पिशव्या. भाजणी मात्र दिवाळीच्या आधी गिरणीत चकलीच्या पिठाची रांग लागायच्या आत दळून आणा.